ठरवून केलेली चूक

आमच्या शाळेत चुका सगळ्यांच्याच होतात, पण ठरवून चूक करणारा मी एकटा. गणित शिकवायची ही माझी खास पद्धत आहे आणि तिचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही. लपवायचा प्रयत्न केला तरी लपत नाही, असं आमच्या सौ.चं म्हणणं आहे.

पद्धत सोपी आहे. मी फळ्यावर एक गणित मांडतो, भलत्याच आत्मविश्वासाने चुकीचं सोडवतो आणि वर्गाकडे पाठ करून चष्मा पुसत उभा राहतो. आधी सगळे गप्प. मग कुजबुज. मग कुणीतरी धीर करून म्हणतं, "सर, हे चुकलंय." की मी दचकल्यासारखं करतो, त्या मुलाच्या हातात खडू देतो आणि त्याच्या बाकावर जाऊन बसतो. पुढचं गणित ते मूल मला शिकवतं. शिक्षकाची चूक पकडल्यावर मुलांच्या तोंडावर जो आनंद दिसतो, त्याच्यावर मी इतकी वर्षं या नोकरीत तग धरला आहे. पगारावर तग धरावा असा तो कधी नव्हताच.

तर यंदा सहावीच्या ब तुकडीचे गणिताचे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आला एक प्रोजेक्टर. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं.

"सर, तुमचे धडे रेकॉर्ड करू या. अ तुकडीला तुम्ही शिकवा, ब तुकडीला तुमचा व्हिडिओ शिकवेल. नवीन माणूस मिळेल तेव्हा मिळेल."

मी आधी आढेवेढे घेतले. माणसाने घ्यावेत तेवढेच घेतले. मनात म्हटलं, इतकी वर्षं चार भिंतींत वाया चाललेली आपली कला आता पडद्यावर येणार.

"आणि एक," मी दाराशी पोचल्यावर बाई म्हणाल्या. "चाचणीत ब तुकडीचे गुण अ तुकडीइतके आले, तर पुढच्या वर्षापासून दोन्ही तुकड्यांना पडद्यावरच शिकवू."

"मग मी?"

"तुम्ही परीक्षा विभाग सांभाळा. व्हिडिओ तुमचेच असणार ना, म्हणजे शिकवणार तुम्हीच."

परीक्षा विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे एक कपाट आहे, एक पंखा आहे आणि मुलं अजिबात नाहीत.

घरी येऊन सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे व्हिडिओ चांगला झाला तर वर्ग जाणार, वाईट झाला तर अब्रू जाणार. अहो, हो म्हणायच्या आधी जरा विचार करायचात."

"मी विचार करूनच हो म्हटलं."

"कसला?"

"कुठला शर्ट घालायचा त्याचा."

अपूर्णांकांच्या बेरजेचा धडा पहिला घ्यायचं ठरलं. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत फळा लावला. शिवणाच्या बाईंनी स्टँडवर मोबाइल बसवला. ब तुकडीत व्हिडिओ लावायचं आणि मुलांवर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडेच होतं. मी त्यांना बजावलं, "काहीही झालं तरी आवाज करू नका. आणि वर्गातसुद्धा व्हिडिओ चालू असताना मुलांना तोंड उघडू देऊ नका. लक्ष विचलित होतं." त्यांनी मान डोलावली. शिवणाच्या बाई सांगितलेलं काम टाक्याला टाका लावून करतात.

मी सुरू केलं. फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. रिकाम्या बाकांकडे बघून शिकवायला सुरुवातीला जड गेलं, पण मग रंगलो. आणि रंगलेला माणूस सवयीवर जातो. खणखणीत आवाजात मी म्हणालो, "वरचे आकडे मिळवा, खालचे आकडे मिळवा. उत्तर, दोन छेद पाच." मग पाठ फिरवली आणि चष्मा पुसायला लागलो.

आता अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल? अ तुकडीत एवढ्यात गोंधळ उडाला असता. इथे कोण उडवणार? शिवणाच्या बाई श्वास रोखून उभ्या होत्या. मी पुसतोय, पुसतोय. काचा झिजायची वेळ आली. तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि मोठ्या बाईंनी बाहेरून खूण केली, आटपा, प्रयोगशाळा हवी आहे. चूक केल्यावर कुणीतरी हालचाल केली की पुढे जायचं, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. मी वळलो, मोबाइलकडे बघून छान हसलो आणि म्हणालो, "शाब्बास. आता अशीच पुढची गणितं घरी सोडवा."

रेकॉर्डिंग संपलं. चूक तशीच फळ्यावर राहिली.

नंतर तुम्ही तो व्हिडिओ बघितला नाहीत का, असं कुणीही विचारेल. बघितला. दोनदा बघितला. एकदा कॉलर नीट बसली होती का ते बघितलं आणि एकदा आवाज कसा येतो ते ऐकलं. सौ.ने बघितला आणि म्हणाली, पोट दिसतंय. मोठ्या बाईंनी बघितला आणि म्हणाल्या, "मध्ये तुम्ही पाठ करून थांबता ना, ते फार परिणामकारक आहे." संस्थेच्या अध्यक्षांनी तो सभेत दाखवला, तेव्हा म्हणे टाळ्या पडल्या. एवढ्या सगळ्या मोठ्या माणसांनी तो धडा बघितला आणि एकानेही गणित बघितलं नाही, त्यात मीही आलो.

मुलांच्या घरी मात्र कुठेतरी पाल चुकचुकली असावी. कारण एका पालकांनी शाळेच्या ग्रुपवर विचारलं, "ही नवीन पद्धत आहे का?" मोठ्या बाईंना वाटलं, प्रश्न व्हिडिओचा आहे. त्यांनी लगेच उत्तर दिलं, "होय. यंदापासून सुरू केली आहे. परिणाम लवकरच दिसतील."

परिणाम चाचणीत दिसले.

ब तुकडीचे पेपर तपासायला घेतले आणि मी चक्रावलो. पहिल्या पेपरात दोन छेद पाच. दुसऱ्यात दोन छेद पाच. जो उघडावा त्यात वरचे आकडे मिळवलेले आणि खालचे आकडे मिळवलेले. चूक माणसागणिक वेगळी असते. सगळ्यांची एकच चूक म्हणजे सरळसरळ कॉपी. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. मुलांनी कॉपी केली म्हणजे व्हिडिओ चांगलाच होता, आणि गुण तर पडले नाहीत. अब्रूही राहिली, वर्गही राहिला. इतकं सोयीचं संकट माझ्यावर याआधी कधी आलं नव्हतं.

पेपर उचलून मी थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. शिवणाच्या बाईंनाही बोलावलं गेलं.

"ब तुकडीने सामूहिक कॉपी केली आहे," मी म्हणालो.

शिवणाच्या बाईंचा चेहरा उतरला. "माझ्या समोर? सर, एकानंही मान वळवली नाही."

"तुमचं लक्ष नसेल."

"माझं लक्ष नसेल," त्या हळूच म्हणाल्या. इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातो. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आम्ही तिघं ब तुकडीत गेलो. मुलं उभी राहिली. मी या वर्गात पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो, आणि त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. त्यांना मात्र माझा आवाज पाठ होता. मी "बसा" म्हणताच सगळी एकदम बसली.

"बेरजेचं उत्तर कुणाचं बघून लिहिलं?" मी विचारलं. "खरं सांगितलंत तर शिक्षा कमी करेन."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी पुढच्या बाकावरचा एक मुलगा घाबरत उठला. "तुमचं बघून, सर."

"उलट उत्तर देतोस?"

"नाही सर. खरंच तुमचं."

मोठ्या बाईंना हा उद्धटपणा सहन झाला नाही. "लावा तो व्हिडिओ," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर लावा, म्हणजे कळेल यांना सरांनी काय शिकवलंय ते."

शिवणाच्या बाईंनी तो लावला. पडद्यावर मी आलो. कॉलर उत्तम बसली होती. पडद्यावरचा मी दोन छेद पाच म्हणाला आणि खालचा मी भिंतीला टेकलो. मग त्याने पाठ फिरवली आणि निवांत चष्मा पुसत राहिला. एखाद्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. माझ्या चुकीसाठी मी या मुलांना चोर म्हणालो होतो, आणि शिवणाच्या बाईंना नको ते ऐकवलं होतं.

तरी बुडत्याने काडीचा आधार शोधावा तसं मी विचारलं, "तुमच्यातल्या एकालाही शंका आली नाही?"

खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उठली. लहानखुरी, आवाजही लहान.

"आली होती, सर. अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल, असं वाटलं. मी हात वर केला होता."

"मग?"

"तुम्ही पाठ करून उभे होता. बाई म्हणाल्या, व्हिडिओ चालू असताना बोलायचं नाही. मग मी हात तसाच वर ठेवला. तुम्ही वळलात आणि शाब्बास म्हणालात, पण मला विचारलंच नाहीत. मग मला वाटलं, माझंच चुकलं असेल."

"आणि पेपरात?"

"पेपरात तुमचं उत्तर लिहिलं."

मोठ्या बाईंनी स्वतः पुढे होऊन प्रोजेक्टर बंद केला. शिवणाच्या बाईंची मी तिथेच, मुलांसमोर माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राहू द्या, सर." ते माफ केलं या अर्थाने नव्हतं, हे मला कळत होतं.

बाहेर आल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्यापासून ब तुकडीही तुम्हीच घ्या. दुप्पट तास पडतील."

"पडू देत," मी म्हणालो. परीक्षा विभाग टळला याचा आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांसमोर तो वर राहिलेला हात होता.

दुसऱ्या दिवशी मी ब तुकडीत उभा राहिलो. फळ्यावर एक गणित मांडलं, ठरवून चुकवलं आणि थांबलो. पाठ फिरवायचा धीर मात्र झाला नाही. कुणी बोलेना. वह्यांमध्ये भराभर पेन्सिली चालल्या होत्या. मी लिहिलेलं सगळं, चुकीसकट, उतरून घेतलं जात होतं. अ तुकडीत जे मी वर्षानुवर्षं कमावलं होतं, ते इथे एका व्हिडिओने घालवलं होतं. आता हे परत मिळायचं नाही, असं वाटायला लागलं.

आणि मग खिडकीजवळचा तो हात वर आला. अर्धाच.

मी जवळजवळ धावतच तिच्या बाकापाशी गेलो. "बोल बाळ, काय चुकलंय?"

ती उठली. फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"सांगते," ती म्हणाली. "पण आधी सांगा, सर. आज तुम्हाला ऐकू येतंय ना?"