पांढरीशुभ्र आतडी

हरिभाऊ डॉक्टरांना काहीही करून पुण्याला जायचं होतं. सन छत्तीस उजाडलं तरी ते बेळगावातल्या गुरांच्या दवाखान्यातच. बारा वर्षं अडलेल्या म्हशींच्या मागं उभं राहून बिचाऱ्यांचा जीव विटला होता. सुटकेसाठी त्यांनी एक शोध लावला होता. जनावराच्या रक्तात खारं पाणी सोडून ते पातळ केलं, की आतड्याचं आतलं अस्तर फुगून बुळबुळीत होतं! मुंबईच्या बड्या साहेबांना हे डोळ्यांनी दिसलं, की पुण्याच्या प्रयोगशाळेतली जागा हरिभाऊंचीच. टिळकवाडीतल्या घरी त्यांनी बांधाबांधसुद्धा सुरू केली होती.

साहेब यायच्या दिवशी दोन बोकड आणले. एकाला सकाळभर शिरेतून खारं पाणी दिलं, दुसऱ्याला काहीच नाही. मग हरिभाऊंनी कोट चढवला आणि स्टेशनावर निघताना शिपाई मष्णूला बजावलं, "दोन्ही काप. मटण तुझं, आतडी माझी. पाणी दिलेल्याची डाव्या थाळीत, दुसऱ्याची उजव्या. अदलाबदल झाली तर तुझी नोकरी गेली म्हणून समज!"

"व्हय सायेब. काय बी काळजी करू नगा."

मष्णूनं सांगितल्याप्रमाणं सगळं केलं. पण मटण न्यायला अनगोळहून आलेली त्याची बायको नागुबाई थाळीत डोकावली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अवं, ही असली घाण सायबाम्होरं ठेवणार तुमी?"

"डॉक्टरानं ठेवाय सांगितलंय न्हवं."

"पाव्हण्याम्होरं न धुता वजडी? लोक तुमास्नी न्हाय, मला नावं ठेवतील! सरका तिकडं."

मष्णू सरकला. नागुबाईनं दोन्ही आतडी उलटी केली, कढत पाण्यात बुचकळली, चुना चोळला आणि अस्तराचा कण न् कण खरवडून गटारात सोडला. डावीकडची डावीकडं आणि उजवीकडची उजवीकडं, तेवढं मात्र तिनं चोख सांभाळलं.

हरिभाऊ साहेबांना घेऊन आले, मोठ्या थाटात त्यांनी थाळ्यांवरचं फडकं उचललं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. दोन्ही थाळ्यांत धुतलेल्या धोतरासारखी पांढरीशुभ्र आतडी! संपलं सगळं. पुणं गेलं. आता जन्मभर म्हशी. हरिभाऊंना रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं.

साहेबांनी चष्मा लावला. डावी थाळी पाहिली, उजवी पाहिली, पुन्हा डावी पाहिली.

"तसूभरही फरक नाही," ते म्हणाले. "म्हणजे रक्त पातळ केल्यानं आतड्याला काहीच होत नाही. असंच ना?"

हरिभाऊंनी घाईघाईनं मान डोलावली. "अगदी... अगदी हेच दाखवायचं होतं, साहेब."

"शाबास! सूज नाही, डाग नाही. इतकं निरोगी आतडं मी विलायतेतही पाहिलं नाही. तुम्ही पुण्याला या. पुढच्या महिन्यात कमिटीपुढं हाच प्रयोग सहा बोकडांवर करून दाखवा."

सहा बोकड! आणि आतडी अशीच निघायला हवीत! मष्णूकडून खरा प्रकार काढून घेऊन त्याच संध्याकाळी हरिभाऊ अनगोळला गेले आणि नागुबाईच्या दारात हात जोडून उभे राहिले.

"नागुआक्का, पुढच्या महिन्यात चार दिवस पुण्याला याल का? फार उपकार होतील."

"येतो की," रश्शाचं पातेलं ढवळत नागुबाई म्हणाली. "पर डॉक्टर, ते शिरंत खारं पाणी कशाला घालताय? मुक्या जीवाला उगंच तरास. आतडी मी तशीबी पांढरी करून देतो की!"