गार खोलीतली मुलाखत

विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर पुढच्या महिन्यापासून मामाच्या फरशांच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. मामा स्वभावाने चांगला, पण भाचीचा विषय काही केल्या त्याच्या पचनी पडत नव्हता. "शहरातल्या सावलीवर कसली गं पीएचडी?" तो म्हणायचा. "सावली काय मीटरवर विकतात?"

शिष्यवृत्तीची अट मोठी गमतीची होती. शहराच्या पर्यावरणावरचं संशोधन तीन विभागांना एकाच वेळी पटायला हवं होतं, आणि या तीन विभागांचं चहात साखर किती यावरही आजवर एकमत झालेलं नव्हतं. म्हणून भाची मुलाखतीला जय्यत तयारीने गेली. भर दुपार, खोलीची नुसती भट्टी झालेली. तिने खिडक्यांना ओले पडदे लावले, कोपऱ्यांत कुंड्या मांडल्या. वीज न जाळता खोली कशी गार होते, हे परीक्षकांना अंगावरच कळावं, असा तिचा बेत होता.

तिघे परीक्षक येऊन बसले, तिने कॉम्प्युटर लावला आणि तेवढ्यात वीज गेली.

"येईल इतक्यात, थांबू या," अध्यक्ष म्हणाले. ते इमारतींचे प्राध्यापक. शेजारी झाडांचे सर आणि समाजशास्त्राच्या मॅडम. पडद्यांतून ओलसर झुळूक आली, खोलीत हिरवट अंधार पसरला. कॉम्प्युटरची वायर तपासून भाचीने मागे वळून पाहिलं, तर तिघांच्याही माना कलंडल्या होत्या.

आता उठवायचं कसं? ज्यांच्या हातात आपलं नशीब, त्यांचीच झोप मोडायची? वीज येईपर्यंत ती जरा टेकली. मग तिचाही डोळा लागला आणि स्वप्न दिसू लागलं. रस्त्यांवर गुडघाभर सावली साचली होती, बसगाड्या तिच्यातून संथपणे पोहत होत्या, आणि मामा दुकानाच्या पायरीवर बसून सावली कापून देत होता, हवी तेवढी. फार सुंदर होतं ते शहर. तिला तिथून परत यावंसंच वाटेना.

अध्यक्षांच्या खाकरण्याने ती दचकून उभी राहिली.

"फारच सखोल मांडणी," अध्यक्ष डोळे चोळत म्हणाले. "झाडांचा भाग तर विशेषच."

झाडांचे सर चपापले. नेमका तोच भाग आपल्या डुलकीत गेला की काय? "पण इमारतींचा भाग त्याहून सरस," त्यांनी घाईघाईने सांगितलं. मग अध्यक्ष चपापले.

"मला दोन्ही आवडले," म्हणून मॅडम मोकळ्या झाल्या.

भाची पुढे झाली. शिष्यवृत्ती हवी होती, पण अशी नको होती.

"सर, खरं सांगू? मी अजून सुरुवातसुद्धा केलेली नाही."

तिघांनी कौतुकाने एकमेकांकडे पाहिलं. "बघा," मॅडम म्हणाल्या, "एवढं काम करून ही म्हणते, अजून सुरुवात नाही. हल्लीच्या मुलांत असा विनय कुठे उरलाय?"

तीन विभागांचं पहिल्यांदाच एकमत झालं. शिष्यवृत्ती मंजूर झाली. भाचीला रडूच आलं, आणि तेही विनयातच धरलं गेलं.

"फक्त एक करा," अध्यक्ष उठता उठता म्हणाले. "सोमवारी कुलगुरूंसमोर हेच पुन्हा मांडायचंय. अगदी आजच्यासारखं. एक शब्दही बदलू नका."

भाचीने मनातल्या मनात शोधून पाहिलं. बदलण्याजोगा एकही शब्द सापडला नाही.

"नाही बदलणार, सर," ती म्हणाली.