पांढरी चार, संथ

निमोण्याच्या सर्जेरावांचा बँड राहायचा की मोडायचा, हे बुधवारी सकाळी दहा वाजता ठरणार होतं. गेला हंगाम डीजेनं खाल्ला होता. अकरा गड्यांपैकी चौघांनी “आता बास, आप्पा” म्हणून सांगूनही टाकलं होतं. हातात उरली होती एक सुपारी, तीही अर्धीच. केंदूरच्या सुलक्षणाचं दौंडला लग्न होतं. नवरीला बँड हवा होता आणि नवरीच्या बापाला डीजे. बापलेकीत तह झाला तो असा, की बापानं बुधवारी येऊन ऐकायचं आणि पसंत पडलं नाही तर डीजे.

सुलक्षणा पुण्यात व्हायोलिन शिकलेली. मांडवाकडे येताना वाजवायला तिनं फोनवर एक इटलीची चीज पाठवली होती, आणि ती समजावून द्यायला स्वतः आली होती.

“आप्पा, ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. दोन प्रवेशांच्या मधे कोणी गात नाही, नुसता वाद्यवृंद वाजतो. त्यातला हा तुकडा.”

“म्हंजी वगात राजा कपडे बदलाया गेला की आमी वाजवतो तसं?”

“अगदी तसंच. पण संथ. पट्टी पांढरी चार. आणि मूड... पुढं काय होणार, याची हुरहूर.”

“दुखवट्याचं न्हाई ना?”

“नाही हो! हुरहूर.”

सर्जेरावांनी मान डोलावली. पंचाईत एवढीच होती, की या बँडनं जन्मभर लग्नं वाजवली ती काळी पाचमध्ये, आणि तीही चौखूर उधळत. पांढरी चार आणि संथ चाल एकत्र यायची ती फक्त मयतीला. पिकलं पान गळलं की या भागात वाजतगाजत नेतात, आणि ती पट्टी बँडनं त्या कामासाठीच राखून ठेवलेली. हे सर्जेरावांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण घाईत माणसाला आपलंच ठाऊक असलेलं आठवत नाही.

सराव सुरू झाला. ड्रमवाला सत्यजीत घायकुतीला आला.

“आप्पा, हात ऐकत न्हाई. चार ठोकं नीट जात्यात, पाचव्याला नवरदेव घोड्यावर बसतोय.”

ड्रमवर गोणपाट टाकून पाहिलं. घोडा तरी थांबेना. मंगळवारपर्यंत जे काही वाजलं ते गावाला लग्नाचंच वाटलं. बुधवारी साडेनऊला अंगणात पुन्हा धरलं, सर्जेरावांनी डोळे मिटून क्लॅरिनेटला फुंकर घातली, आणि जमलं.

समोरच्या गिताबाई भाकऱ्या थापत होत्या. संथ सूर कानावर आले तशा त्या दारात आल्या. सर्जेरावांचे वडील, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आबा, रोज ज्या खाटेवर बसत ती खाट रिकामी. आबा नवी कवळी बसवायला शिरूरला गेले होते, पण हे गिताबाईंना कोण सांगणार? त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या हातानं फोन.

सर्जेरावांनी डोळे उघडले तेव्हा अंगणात पंधरा माणसं होती. पुन्हा उघडले तेव्हा चाळीस. कोणी नाचत नव्हतं, कोणी दुसरं गाणं मागत नव्हतं, सगळे टोप्या काढून, माना खाली घालून ऐकत होते. बायकांच्या डोळ्यांत तर पाणी. तीस वर्षांत असा श्रोता मिळाला नव्हता. त्यांचा ऊर भरून आला आणि त्यांनी चीज पुन्हा पहिल्यापासून घेतली.

दहा वाजता सुलक्षणाचे वडील आले. फाटकापाशी कोणीतरी त्यांच्या कानाला लागलं. ते मुकाट्यानं मागं जाऊन उभे राहिले, आणि चीज संपली तेव्हा ओलाचिंब चेहरा घेऊन पुढं आले.

“सर्जेराव, घरात मयत झालेली, आन् तुम्ही माझ्या लेकीसाठी वाजवताय? बँड तुमचाच. डीजेला आत्ता न्हाई म्हणून कळवतो.”

“मयत? कुणाची?” असं सर्जेरावांच्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. टोप्या, पदर, रिकामी खाट, सगळा उलगडा एकदम झाला. खरं सांगावं तर बँड जातो, न सांगावं तर बाप जातो.

तेवढ्यात एक फटफटी फाटकाशी थांबली. मागच्या सीटवरून आबा उतरले, गर्दीकडे बघून नव्या कवळीनं हसले, आणि लोकांचे चेहरे बघून एकदम गंभीर झाले.

“कोण गेलं रं?”

गिताबाईंना भाकरी करपल्याची आठवण झाली आणि त्या निघून गेल्या.

“म्हंजी मला फसवलं व्हय?” सुलक्षणाचे वडील उसळले.

“न्हाई पाव्हणं,” सर्जेराव हात जोडून म्हणाले. “लग्नाचीच चीज हाय. तुमच्या पोरीनंच धाडली. लोकांचा गैरसमज झाला.”

आबा पाहुण्यांना निरखून बघत होते. “पाव्हणं, आपली वळख कवाची?”

“न्हाई. आजच बघतोय तुम्हाला.”

“मग माझ्यासाठी एवढं रडलासा?”

पाहुण्यांनी रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली.

“तुमच्यासाठी कशाला रडू, आबा? हे वाजाया लागलं आन् मला पोरगी मांडवाकडं चाललेली दिसली.” त्यांनी रुमाल खिशात कोंबला. “डीजे कशापायी पाहिजे हुता मला? त्या दणक्यात कुणाचं कुणाकडं ध्यान नसतं. हे वाजल्यावर चार माणसांत मी उभा कसा ऱ्हाऊ?”

सर्जेरावांना त्या माणसाची मनापासून कीव आली. त्यांनी ड्रमशेजारच्या झांजा उचलल्या.

“आमच्यात उभं ऱ्हावा. ह्या घ्या. वाजवणाऱ्याला रडाया सवड मिळत न्हाई.”

लग्नाच्या दिवशी दौंडच्या कार्यालयात बँड सुरू झाला, तसे निमोण्याकडचे चार म्हातारे सवयीनं हात जोडून उठले. सुलक्षणा मामाच्या हाताला धरून निघाली आणि माणसांत वडिलांना शोधू लागली. वडील बँडच्या मागच्या रांगेत होते, लाल फेटा बांधून, तोंड भिंतीकडे करून. त्यांच्या झांजेचा ठोका दर वेळी उशिरा पडत होता, आणि दर वेळी आणखी उशिरा. सर्जेरावांनी एकदा मागं वळून पाहिलं आणि सगळ्या बँडला हातानं खूण केली, अजून संथ.

त्यामुळे सुलक्षणाला मांडवापर्यंत पोचायला बराच वेळ लागला.