झाडाला विचारलंत काय?

आमच्या शेजारच्या नानांसमोर रंगाचं नाव घ्यायचं असेल तर आधी घरातली कामं उरकून घ्यावीत. मध्यंतरी माझी बायको कुंपणापाशी बोलता बोलता म्हणाली, "ह्यांना मेंदी रंगाचा कुर्ता घेतला." झालं. नानांनी हातातली झारी खाली ठेवली.

"मेंदी म्हणजे पानाचा रंग, की हातावरचा?"

"म्हणजे?"

"पान हिरवं. हातावर चढली की तांबडी. तुम्ही घेतलात कुठला? झाडाला विचारलंत काय?"

कुर्ता हिरवा आहे हे ऐकूनही त्यांचं समाधान झालं नाही. पान कोवळं की जून, हा प्रश्न उरलाच होता. त्या दिवशी आमची आमटी करपली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाळकी पानं कागदावर चिकटवण्यात नानांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही, आणि त्यात कुणा एका बाईचं भलं झालं असं आमच्या आळीचं मत आहे. कोणी रंगाचं नाव उच्चारलं की त्यामागचं झाड उभं करायचं आणि माणसाला आडवं, हा त्यांचा छंद. जांभळा म्हणजे जांभळाच्या सालीचा, की ते खाल्लेल्या जिभेचा? अंजिरी बाहेरून की आतून? गुलबक्षी म्हणणाऱ्याला ते हाताला धरून परसात नेतात आणि पिवळी गुलबक्षी दाखवतात. आळीतल्या गणपतीच्या मखराला आम्ही आमसुली पडदा लावला, तेव्हा हे गृहस्थ घरून मूठभर आमसुलं घेऊन आले आणि आरती चालू असताना पडद्याला लावून बघत राहिले. गणपती काही बोलला नाही, म्हणून आम्हीही गप्प बसलो.

गेली दोन वर्षं त्यांनी रत्नागिरीतल्या साडीवाल्यांना पिडायला घेतलं होतं. स्टीलच्या छोट्या डबीत ओल्या फडक्यावर अबोलीचं ताजं फूल ठेवायचं आणि दुकानात जाऊन गादीवर बसायचं. "अबोली दाखवा." दुकानदार बिचारा ढीग उपसायचा. नाना एकेक साडी दारापाशी उजेडात न्यायचे, डबी उघडून फूल पदरावर ठेवायचे आणि म्हणायचे, "ही अबोली नव्हे. झाडाला विचारलंत काय?" एका दुकानात तर ते लांबून येताना दिसले की तेवढ्या साड्या आत हलवत. घरात बाईमाणूस नाही आणि हा साठीचा माणूस साड्या निवडतोय म्हटल्यावर आळीने काय काय तर्क लढवले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यातले दोन माझे होते.

यंदा दिवाळीच्या तोंडावर साडी सापडली. योगायोगाने मी त्याच दुकानात होतो. नानांनी फूल पदरावर ठेवलं आणि ते कुठे ठेवलंय हे मला शोधावं लागलं. दुकानदाराने हात जोडले. ते देवाला होते की नानांना, कळलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी त्यांची स्कूटर रुसली, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून हेदवीला, त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, घेऊन निघालो. जयगडला गाडी फेरीबोटीत चढली आणि साडीची पिशवी मांडीवर धरून नाना म्हणाले, "सुमी माझ्याशी बोलत नाही. तेवीस वर्षं झाली. ओवाळते, जेवायला वाढते. बोलत नाही."

मला वाटलं जमिनीची भानगड असणार. आपल्याकडे भावाबहिणींत तेवढं कारण पुरतं. पण निघाली साडी. सुमीताईंनी पहिल्या पगारातून स्वतःला एक साडी घेतली होती आणि ती स्वतःच्या केळवणाला नेसल्या होत्या. होणाऱ्या सासूबाईंनी कौतुकाने रंग विचारला. त्या म्हणाल्या, अबोली. नाना भरल्या पंगतीतून उठले, परसातून फूल तोडून आणलं, बहिणीच्या पदरावर धरलं आणि निकाल दिला, "ही गाजरी." पंगत हसली. सासरी त्यांचं नाव 'गाजरी वहिनी' पडलं. लग्नात नानांनी कानपिळीला नवऱ्याचा कान पिळला, मान घेतला, पण तोवर बहिणीने अबोला धरलेला होता. अबोलीवरून धरलेला अबोला मी आयुष्यात हा एकच ऐकला. मला हसू आलं. नानांकडे बघून मी ते गिळलं.

हेदवीला सुमीताईंनी पाट मांडला, ओवाळलं, तोंडातून शब्द नाही. नानांनी ताटात साडी ठेवली. सुमीताईंनी ती उचलली, उलगडली, आणि पदर घेऊन सरळ बाहेर खळ्यात उन्हात गेल्या. आम्ही मागोमाग. बराच वेळ त्या पदर उलटासुलटा करत होत्या.

"कुठला म्हणायचा हा रंग?"

त्यांचे यजमान दारातच थबकले. प्रश्न नानांना होता. तेवीस वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही नेमकं हे. नानांचा हात खिशातल्या डबीकडे गेला. मी मनात म्हटलं, गेली आणखी तेवीस वर्षं.

हात रिकामाच बाहेर आला.

"तू म्हणशील तो," नाना म्हणाले.

"गाजरी म्हटलं तर?"

"गाजरी तर गाजरी."

सुमीताई साडीची घडी घालायला लागल्या. घालता घालता म्हणाल्या, "ऊन फार आहे रे दादा. आत ये. घावन गार होतायत."

नानांनी सहा घावन खाल्ले. बहीण बोलत होती आणि ते नुसती मान हलवत होते. इतका वेळ गप्प बसलेले नाना मी पहिल्यांदाच बघितले, आणि खरं सांगतो, आळीत लढवलेल्या त्या दोन तर्कांची मला लाज वाटली.

परतीच्या फेरीबोटीत त्यांनी डबी उघडली. फूल मलूल झालं होतं.

"गाजरी नव्हती हां आजची साडी," ते हळूच म्हणाले. "अबोलीच."

"मला ठाऊक आहे. मग बोलला का नाहीत?"

नानांनी डबीचं झाकण लावलं, ती खिशात ठेवली आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "केळवणाच्या दिवशी झाडाला विचारलं होतं हो मी. तिला विचारायचं राहिलं."