गजभिये काकांच्या गाडीचा व्हिसा

गजभिये काका फोनवर हॅलो म्हणत नाहीत. जय भीमसुद्धा नंतर. फोन उचलला की पहिला प्रश्न : "कुठून अन् किती बॅगा?"

पलीकडे बँक असो, डेंटिस्टची रिसेप्शनिस्ट असो, प्रश्न तोच, फक्त इंग्रजीतून. एकदा सर्व्हे घेणाऱ्या एका मुलीने गोंधळून सांगून टाकलं की ती कार्डिफहून बोलतेय आणि बॅग एकही नाही. काका म्हणाले, "मग तर सोपं आहे."

ही सवय लागायला कारण आहे. स्लाऊ हीथ्रोला अगदी खेटून आहे. इंग्लंडला येणाऱ्या निम्म्या मराठी माणसांच्या ओळखीचं कोणीतरी स्लाऊमध्ये राहतं, आणि त्या कोणाच्यातरी ओळखीचे गजभिये काका असतात. काकांकडे सात सीटची गाडी. घरात राहणारे मात्र एकटे. काकू नागपूरला शाळेत शिकवतात आणि दर वर्षी "पुढच्या वर्षी येते" म्हणतात. मी शिकायला आले तेव्हा मलाही काकांनीच आणलं. माझी बॅग उचलून त्यांनी दोनदा वरखाली केली आणि म्हणाले, "यात कुकर आहे अन् आईनं तुला न सांगता लोणचं टाकलं आहे." दोन्ही निघालं. तेव्हापासून मी त्यांच्या रस्त्यावरच एका खोलीत राहते.

गाडी हप्त्यांवरची. म्हणजे हप्ते काका भरणार, मालक फायनान्स कंपनी. गाडीच्या कागदावर काकांचं नाव आहे ते 'कीपर' म्हणून, आणि खाली स्पष्ट छापलंय की कीपर म्हणजे मालक नव्हे. मला हे वाचून संताप आला होता. मी भाडेकरूंच्या हक्कांसाठी काम करते, पत्रकं लिहिते, त्यामुळे असं काही छापलेलं दिसलं की हात शिवशिवतात. काकांना तो शब्द भलताच आवडला होता. "कीपर म्हणजे जबाबदारीचं काम असते. बॅट्समन येते, जाते. कीपर तिथंच उभा राहते."

ही जबाबदारी ते पाळायचे कशी, तर सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक त्यांनी कधी काढलंच नाही. उन्हाळ्यात त्यावर बसून उठलं की पाठीमागून मोठा आवाज व्हायचा आणि पहिल्यांदाच आलेले पाहुणे ओशाळायचे. करारात वर्षाला किती मैल चालवायचे तेही ठरवून दिलेलं होतं. म्हणून काका स्वतः ब्रॅकनेलला ऑफिसला ट्रेनने जायचे, मध्ये ट्रेन बदलून, पावसातसुद्धा. मैल बॅगवाल्यांसाठी राखून ठेवायचे.

असं सगळं चाललेलं असताना काकांच्या कंपनीने त्यांचं काम आयर्लंडमध्ये, डब्लिनला हलवलं. जायचं तर जा, नाहीतर नोकरी गेली. मी लगेच युनियनचा विषय काढला. काका म्हणाले, "नोकरीचं पाहू गं. गाडीचं काय?"

"गाडीचं काय म्हणजे? तिथे दुसरी घ्या."

"तिथं नवीन माणसाला हप्त्यावर कोण देते? अन् हिला काय झालं? डब्लिनला गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. बोटीत चढवली की झालं."

आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपमधल्या निखिलने सोपा रस्ता सांगितला. सुट्टीला नेतोय म्हणून सांगा, फायनान्स कंपनी थोड्या दिवसांची परवानगी देते, मग कोण बघायला येतंय. काकांनी स्पीकरवर फोन लावला. मी शेजारी बसले होते.

"सर, गाडी सुट्टीसाठी नेताय का?" फोनवरच्या मुलीने विचारलं.

"नाही मॅडम, कायमची."

"सुट्टीसाठी असेल तर पत्र आजच पाठवता येईल, सर." मुलगी चांगली होती. तिने ते शब्द अगदी सावकाश उच्चारले.

मी टेबलाखालून काकांच्या पायावर पाय दिला.

"मॅडम, मी सुट्टीला नाही जाऊन राहिलो," काका म्हणाले, "अन् माझ्या पायावर कोणीतरी पाय दिलेला आहे."

कायमची न्यायची तर लेखी अर्ज करा, असं उत्तर आलं. इथे काकांचा खरा पिंड जागा झाला. ज्या माणसाने वर्क व्हिसा, त्याचं एक्स्टेन्शन आणि मग कायम राहायची सेटलमेंट अशा फायलींवर उमेदीची वर्षं घालवलीत, त्याला अर्ज म्हटल्यावर एकच गोष्ट माहीत असते. काकांनी गाडीचा व्हिसा भरायला घेतला.

सुरुवातीला कव्हरिंग लेटर. मग गाडीचा फोटो, फिक्या पार्श्वभूमीवर, समोरून, दोन्ही दिवे दिसतील असा. त्यासाठी मी आणि निखिल त्यांच्या गाडीमागे पांढरी चादर धरून उभे राहिलो. समोरच्या पंजाबी आजी खिडकीत येऊन बराच वेळ बघत होत्या. सर्व्हिसचे कागद हे चारित्र्याचं प्रमाणपत्र. डब्लिनच्या भावी घरमालकाचं पत्र, की अर्जदार गाडीला राहायला पुरेशी जागा आहे. एका गुरुवारी मी गेले तर काका विचारात पडलेले.

"भाषेची अट असेल का?"

"गाडीला?"

"नाही, रस्ता सांगते ते सॅटनॅव्ह इंग्रजीतच बोलते. लिहून टाकतो."

मी हसत होते, पण आतून चिडले होते. माणूस प्रामाणिकपणे सगळं सांगतो त्याला रांग, आणि खोटं बोलतो त्याला आजच्या आज पत्र. हे मी काकांना ऐकवलं. काका म्हणाले, "बरोबर आहे तुझं. ही झेरॉक्स सरळ आली का बघ."

उत्तर ईमेलने आलं, चार ओळींचं. वाहन कंपनीच्या मालकीचं आहे. ते कायमचं देशाबाहेर नेता येणार नाही. उरलेली सगळी रक्कम भरा, नाहीतर वाहन परत करा. काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे टुरिस्ट व्हिसा देऊन राहिले, सेटलमेंट नाही."

सगळी रक्कम भरणं शक्य नव्हतं. डब्लिनच्या घराच्या डिपॉझिटनेच ते पुरते रिकामे झाले होते. मी कामाला लागले. कायदा उलटापालटा करून शोधून काढलं की अर्ध्याहून जास्त रक्कम भरून झालेली असेल तर गाडी परत करून पुढचे हप्ते थांबवता येतात, आणि काकांची तेवढी कधीच भरून झाली होती. मी धावतच त्यांच्याकडे गेले.

"काका, आपण जिंकलो. हक्काने परत करता येते."

काकांनी हातातली फाइल मिटली. "परत करायची कोणाला आहे, प्रज्ञा?"

मग माझ्यापुढे एकच मार्ग उरला. फायनान्स कंपनीचं ऑफिस बर्मिंगहॅमला. मी निदर्शनं ठरवली. फलक रंगवला, एका बाजूला मोठ्या अक्षरांत : 'हप्ते माझे, गाडी तुझी?' इंग्रजीत पत्रकं छापली. काका नको नको म्हणत तयार झाले, कारण ट्रेनने फलक नेता येणार नाही, असं मी सांगितलं होतं. त्यामुळे कंपनीच्या विरोधात आम्ही कंपनीच्याच गाडीतून निघालो. प्लास्टिकला रंग लागू नये म्हणून फलकाला चादर गुंडाळली होती, तीच, व्हिसाच्या फोटोची.

ऑफिससमोर आम्ही दोघंच. पाऊस. मी घोषणा देत होते, काका दर घोषणेनंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांना सॉरी म्हणत होते. पाचच्या सुमाराला कंपनीची एक बाई बाहेर आली. गळ्यात ऑफिसचं कार्ड, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चाकवाली बॅग, आणि चाक निखळलेलं. मी पत्रक पुढे केलं. काकांनी बॅगेकडे पाहिलं.

"कुठे जायचंय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "एकच बॅग ना?"

मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. उपयोग झाला नाही. पाच मिनिटांत ती बाई पुढच्या सीटवर आणि मी मागे फलकाशेजारी, अशी आमची निदर्शनं न्यू स्ट्रीट स्टेशनकडे निघाली.

"छान आहे हो गाडी," बाई म्हणाली.

"तुमचीच आहे," काका म्हणाले.

तिला वाटलं, भारतीय लोक फार अगत्याचे असतात.

परतीच्या वाटेवर मी उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली. मग मोटरवेवरच्या थांब्यावर चहा घेताना राहवेना. "काका, लोखंडाची गाडी आहे. त्यात एवढं काय आहे, तेवढं एकदा सांगा."

काकांनी चहात साखर घातली, ढवळली, परत ढवळली.

"मी इथं आलो ना, पहिल्या वर्षी माझा फोन वाजत नव्हता. काकूंचा यायचा, तेवढाच. ऑफिसात लोकं चांगले होते, पण पाच वाजले की ज्याचा तो. मी कधीकधी स्वतःच तपासून पाहायचो, बिघडला तर नाही. मग गाडी घेतली. एकाला आणलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. तेव्हापासून वाजूनच राहिला आहे." त्यांनी चमचा टिश्यूवर नीट ठेवला. "आता तिथं बिनगाडीचा गेलो, तर मला कोण कशाला फोन करेल?"

मी वादविवादात कधी अडत नाही. "असं कसं म्हणता" हे वाक्य तोंडाशी आलंही होतं. पण याआधी मी त्यांना नुसता फोन कधी केला होता, ते आठवायला लागले, आणि चहा गार झाला.

गाडी त्यांनी परत केली. नेणारा माणूस आला तेव्हा प्लास्टिक बघून तो म्हणाला की नवीनच दिसतेय. काकांना तेवढंच बरं वाटलं. स्वतः जाताना मात्र ते कोणालाही न सांगता पहाटेच्या बसने हीथ्रोला गेले. ज्या माणसाने अख्ख्या काउंटीला विमानतळावर पोहोचवलं, तो बसने गेला. मी ग्रूपवर एक खरमरीत मेसेज लिहिला. पाठवला नाही. तो सगळ्यांआधी मलाच लागू होता.

त्याऐवजी काही आठवड्यांनी फोन लावला.

"कुठून अन् किती बॅगा?" आणि लगेच, "अरे, सवय आहे गं. गाडी नाही आता."

"स्लाऊहून. एक बॅग. शनिवारी सकाळी."

"मीटिंग आहे इथं?"

"नाही."

"मग मोर्चा?"

"काही नाही, काका."

"काही नाही तर काऊन येऊन राहिली?"

"तुम्हाला भेटायला."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "फ्लाइटचा नंबर पाठव."

डब्लिनला दाराबाहेर आले तर गर्दीच्या पुढे काका, आणि त्यांनी डोक्यावर उंच धरलेला एक फलक. मार्करने देवनागरीत लिहिलेलं : 'प्रज्ञा रामटेके, स्लाऊ.' जणू मी त्यांना ओळखणार नव्हते. जवळ गेल्यावर तो फलक ओळखला. बर्मिंगहॅमचाच, गाडी परत करताना डिकीतून काढून ठेवलेला. मागे उभ्या असलेल्या एका आयरिश कुटुंबाला फलकाच्या पाठच्या बाजूला 'हप्ते माझे, गाडी तुझी?' दिसत होतं.

"बसनं जाऊ," काका म्हणाले. "वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळते. कालच येऊन पाहून गेलो."

सीट मिळाली. बस सुटली तरी त्यांनी माझी बॅग मांडीवरून काढली नाही. खाली ठेवायला जागा होती. मी म्हटलं, "ठेवा ना काका, जड आहे."

"राहू दे." त्यांनी ती जराशी उचलून अंदाज घेतला. "लोणचं आहे. बऱ्याच दिवसांनी कोणाची बॅग हातात आली."