पंधरावा दगड

शिक्षण जितक्या कमी वेळात संपते तितके ते प्रगत असते, हे आता सर्वमान्य आहे. मला मेधाच्या पत्राला उत्तर द्यायलाच तीन आठवडे लागले, यावरून माझे शिक्षण ओळखावे.

मेधा कुवेतच्या सलवा भागात जपानी उद्यानरचनेची पदविका देते (मुदत दोन शुक्रवार, चहासह). या विषयाच्या शिक्षणाचा इतिहास दोन पानांत लिहा आणि खाली परीक्षक म्हणून सही करा, असे तिने कळवले होते. मी जपान पाहिलेला नाही. तुळसही माझ्या हातून जगली नाही (ऊन लागले असावे). पण माझ्याकडे पुस्तके पुष्कळ आहेत, आणि एवढी पात्रता तिला पुरली.

इतिहास असा. पूर्वी क्योतोत शिष्य दहा वर्षे पाने झाडायचा. गुरू बोलत नसे. पुढे विद्यापीठे निघाली, गुरू बोलू लागले, मुदत चार वर्षांवर आली. मेधा सतत बोलते, म्हणून दोन शुक्रवार. गुरूंनी आणखी थोडी प्रगती केली, की शिष्याने यायचीही गरज उरणार नाही.

कोरड्या, म्हणजे नुसत्या वाळू-दगडांच्या, जपानी बागेला लागणारी वाळू कुवेतमध्ये घरपोच येते. प्रात्यक्षिकाला सर्वांनी गच्चीवरच्या वाळूत दंताळ्याने लाटा काढल्या. तेवढ्यात धुळीचे वादळ आले आणि लाटा गेल्या. अनित्यता समजल्याबद्दल सर्वांना पूर्ण गुण मिळाले (गैरहजर दोघांना किंचित जास्त).

प्रश्न परीक्षितचा होता. मेधाचा हा विद्यार्थी, अब्बासिया भागात राहणारा इंजिनिअर. पेट्रोकेमिकलमधली नोकरी गेलेली. बागा करणारी एक कंपनी त्याला घ्यायला तयार होती, पण पदविका हवी. नाहीतर महिनाअखेर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपणार.

"काका, तुम्ही खरं लिहू नका, इतिहास लिहा," मेधाने फोनवर समजावले. तरी माझा हात चालेना. शेवटी परीक्षित स्वतःच घरी आला. मी भीतभीत त्याची तोंडी परीक्षा घेतली. क्योतोतल्या एका बागेत पंधरा दगड आहेत; ओसरीवर कुठेही बसा, चौदाच दिसतात. मग पंधरावा कुठे?

"तो ओसरीवर बसून मोजतोय, काका," परीक्षित म्हणाला. "आमच्या बाई मला चौथीपासून दगडच म्हणायच्या."

एवढ्या उत्तरासाठी पूर्वी दहा वर्षे झाडावे लागे. मी सही केली आणि पाकीट मिरकाबच्या पोस्टात टाकले. आत एक शिफारसही आहे: हा इतिहास शेवटपर्यंत गंभीरपणे वाचणाऱ्यांनाही पदविका द्यावी. त्यांनी आधी दगड मोजून पाहावेत. चौदाच भरतील.