जेटीवरचा मान

जहाजातून उतरलेला माणूस किनाऱ्याला लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या जेटीला तो मान्य नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ, म्हणून ही जेटी समुद्रात लांबवर नेली आहे. इतकी लांब, की तिच्या टोकाला लागलेले पर्यटक जहाज गावातून खेळण्याएवढे दिसते. पहिले जहाज ऐन मे महिन्यात आले. प्रवासी रणरणत्या उन्हात चालू लागले, निम्म्या वाटेवर काहीजण खाली बसले आणि त्यांतल्या एकाने टोपीने वारा घेत विचारले, "गोवा अजून किती लांब आहे?" दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि सरकार हलले. प्रवाशांना जहाजापासून जमिनीपर्यंत आरामात आणण्यासाठी 'सुखद अवतरण समिती' नेमण्यात आली. एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून असलेल्या मला, म्हणजे गौरेशला, तिचे सदस्य सचिवपद मिळाले.

पहिल्या बैठकीत भाजी-पाव येण्याआधीच निर्णय झाला. जेटीवरून एक छोटी बस ये-जा करील, बस्स. सगळ्यांनी माना डोलावल्या. अस्वस्थ झाले ते फक्त अध्यक्ष शिवदासबाब. हे गावचे माजी सरपंच. बाजारातल्या गटारावर झाकण घालावे की नाही, हा प्रश्न त्यांनी आपली पूर्ण कारकीर्द विचाराधीन ठेवला होता.

"गौरेश, इतल्या बेगिन ठरलें तर लोक म्हणतले, भितर कितें तरी आसा," ते म्हणाले. "हरकती मागय."

एवढ्या लवकर ठरले तर आत काही शिजते आहे असे लोकांना वाटायला नको, म्हणून मी हरकती मागवल्या. आमच्याकडे पाऊस एखाद्या वर्षी कमी पडेल, हरकती कधी कमी पडत नाहीत.

टॅक्सीवाल्यांचा पुढारी सगुण सर्वांत आधी आला. "बस घालशात तर आमी कितें करपाचें? टॅक्सी धुवन दारांत दवरपाची?" त्याच्या मागोमाग पायलट आले. पायलट म्हणजे विमानाचे नव्हेत, आपल्याकडे मोटारसायकलच्या मागच्या सीटवर भाडे नेतात ते. जहाजाजवळ जेटी अरुंद आहे आणि अरुंद जागेवर पहिला हक्क दोन चाकांचा, असे त्यांचे म्हणणे पडले. मग डिचोलीकडून, मुळगावहून, महादेव आला. खाणीतली खनिज माती नदीवरच्या बार्जपर्यंत नेणारे त्याचे ट्रक खाणी बंद पडल्यापासून आंब्याखाली उभे होते आणि एकाच्या हौद्यात दुधी भोपळ्याचा वेल चढला होता. महादेव मूळचा सिंधुदुर्गातला, बोलायला पक्का.

"इतकी वर्सां आमी माती जमनीवरसून पाण्याक पोचयली," तो म्हणाला. "आता माणसां पाण्यातसून जमनीर आणूची. फकत रिव्हर्स गियर घालूचो!"

बैठक संध्याकाळपर्यंत चालली, आवाज चढले, सगुणने टेबलावर हात आपटला. तेव्हा शिवदासबाब शांतपणे म्हणाले, "आमच्या गावांत पालखेवयल्यान केन्ना झगडें जालां?"

आमच्या ग्रामदेवतेची पालखी वर्षातून एकदा गावभर फिरते. प्रत्येक वाड्याचा मान ठरलेला. एका वाड्याने पालखी आपल्या शिवेपर्यंत न्यायची, तिथे थांबायचे, वडीलधाऱ्याने गाऱ्हाणे घालायचे, म्हणजे सर्वांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडे घालायचे, नारळ फोडायचा आणि मग पुढच्या वाड्याने खांदा द्यायचा. दुसऱ्याच्या हद्दीत पालखीला कोणी बोट लावत नाही. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले आहे. अर्धा मैल जायला पालखीला अख्खी रात्र लागते, पण देवाने कधी तक्रार केलेली नाही.

"पाहुणा देव न्हय?" शिवदासबाबांनी विचारले. "मागीर देवासारको हाडूया ताका."

प्रवाशांना पालखीसारखे टप्प्याटप्प्याने आणायचे, असा ठराव एकमताने संमत झाला. जेटीवर पिवळे पट्टे मारून शिवा पाडल्या. जहाजापासून पहिल्या पट्ट्यापर्यंत पायलटांचा मान, पुढे ट्रकवाल्यांचा, त्यानंतर टॅक्सीवाल्यांचा. शेवटी किनाऱ्याच्या फाटकाजवळ पाच-पंचवीस पावलांचा तुकडा उरला. तो कोणालाच नको होता, म्हणून जनहिताच्या दृष्टीने मी तो माझ्या मेव्हण्याला, गोपाळला, मिळवून दिला. गोपाळ पुष्कळ दिवस घरीच होता. त्याने चाकांची एक खुर्ची आणली, तिला झेंडूची माळ बांधली आणि व्यवसाय सुरू केला. नियमावलीत एक कलम मी स्वतः घातले: जहाजातून उतरलेल्या प्रवाशाने जेटीवर चालता कामा नये. देव काय पालखीतून उतरून चालू लागतो?

पहिल्या चाचणीला किरकोळ अडचणी आल्या. ट्रकच्या हौद्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पण शिवेवर पोचताच ड्रायव्हरने इतक्या वर्षांच्या सवयीने हौदा उचलला. प्रवासी खुर्च्यांसकट घरंगळत खाली आले. समितीने तातडीने खाली गाद्या टाकायला लावल्या. एका निवृत्त न्यायाधीशांनी, लहानपणानंतर अशी मजा आली नव्हती, असे उद्गार काढले आणि आम्ही ते अहवालात घेतले. टॅक्सी चार प्रवासी भरल्याशिवाय हलत नव्हत्या आणि जेटीवर वळायला जागा नसल्याने मागे मागेच जात होत्या. प्रत्येक शिवेवर गाऱ्हाणे होत होते, ट्रकवाल्यांच्या शिवेवर ते महादेव घालत होता.

"बा देवा म्हाराजा! ही जी काय पाव्हणेमंडळी समुद्रातसून आयली हत, तेंका सुखान पुढल्या शिवेर पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ट्रकवाले ओरडत. तिसऱ्या शिवेपर्यंत प्रवासीही ओरडू लागत. परदेशी बायका तर हात जोडून डोळे मिटत. मला अगदी भरून यायचे.

याच दिवसांत आमच्या घरी मूल जन्माला आले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी, की शेजाऱ्यांनी विचारणेही सोडून दिले होते. माझी बायको सिद्धी पाळण्याकडे बघत रात्ररात्र जागी राहायची आणि मीही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, डोंबिवलीची विनोदिनीताई. तिने नाव ठरवले होते, पण ते कानात सांगेपर्यंत कोणाला कळता कामा नये, असा तिचा हट्ट. फोनवर मी किती विचारले, पत्ता लागू दिला नाही.

तिचा गुडघा दुखरा. ती रेल्वेने येणार होती. मीच आग्रह धरला. "ताई, तू मुंबईहून जहाजाने ये. तुला जमिनीवर पाऊलसुद्धा टाकावं लागणार नाही. माझी योजना आहे ती." भावोजींनाही हौस आली. दोघांनी कोचीपर्यंतची तिकिटे काढली. ठरले असे, की ताईने बारशाला उतरायचे, भावोजींनी जहाजावर झोपायचे आणि संध्याकाळी जहाज सुटताना ताईने परत चढायचे.

बारशाच्या दिवशी जहाज सकाळी वेळेवर लागले. मी फाटकाशी उभा होतो. शिवदासबाबही आले होते, दोन पत्रकार सोबत घेऊन. दुर्बिणीतून ताई दिसली. पायलटच्या मागे बसून ती झोकात पहिल्या शिवेवर आली. तिथे गाऱ्हाणे झाले. जहाजावर माणसे भरपूर आणि ट्रकचा हौदा भरल्याशिवाय महादेव निघेना, त्यामुळे ऊन चढले. मग ताई ट्रकमधून गादीवर आली. गाऱ्हाणे झाले, नारळ फुटला. टॅक्सीला चौथा प्रवासी मिळेना. तो मिळाला तोवर दुपार झाली. टॅक्सी मागे मागे येत शेवटच्या शिवेवर थांबली. आता ताई माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती. मला तिच्या कपाळावरचा घामही दिसत होता.

फक्त गोपाळ नव्हता.

गोव्यात दुपारी दुकान बंद असते, बँक पेंगते, कुत्रीसुद्धा कूस बदलत नाहीत. गोपाळ तर माझ्या सासरचा. मी माणूस पाठवला. तो परत येऊन म्हणाला, "न्हिदला. आवय म्हणटा, मदींच उठयल्यार ताची तकली दुखता." म्हणजे गोपाळ झोपलेला, डोके दुखेल म्हणून सासूबाई त्याला उठवू देईनात, खुर्ची कुलपात आणि किल्ली गोपाळच्या उशाखाली.

मुहूर्त टळत चालला. घरी पाळणा सजलेला, पाहुणे ताटकळलेले. शेवटी सिद्धी बाळाला पदराखाली घेऊन फाटकाशीच आली. इकडे ती, तिकडे ताई, मध्ये पाच-पंचवीस पावले आणि एक पिवळा पट्टा. तो तुकडा गोपाळच्या मानाचा, त्याच्यावाचून ना तिकडून कोणी यायचे, ना इकडून कोणी जायचे.

ताईने टॅक्सीचे दार उघडले आणि काठी टेकून एक पाय खाली ठेवला.

"गौरेशा, माका चलूक येता रे! डॉक्टरान सपाटीर चलूकच सांगलेला हा."

सगुण आडवा आला. "बाये, तूं चलल्यार सगळीं चलतलीं. मागीर आमी कित्याक?"

पत्रकारांनी कॅमेरे वर केले. शिवदासबाबांनी माझ्याकडे पाहिले. मी नियमावली लिहिलेला माणूस.

"ताई, पाय आत घे!" मी ओरडलो. "पट्टा ओलांडू नको! गोपाळ उठेलच आता."

"अहो, तुमच्या मुलाचं बारसं आहे," सिद्धी म्हणाली.

"म्हणूनच," मी म्हणालो. "आपल्याच घरच्यांना सूट दिली, तर लोक काय म्हणतील?"

मलाही आतून तुटत होते. पण शिस्त म्हणजे शिस्त. ताईने पाय आत घेतला आणि दार लावले. किती वेळ गेला कोण जाणे. मग जहाजाचा भोंगा झाला. कसलेसे भरतीचे कारण होते. जहाज लवकर सुटणार होते. जेटीभर प्रवासी पसरलेले, कोणी मोटारसायकलवर, कोणी हौद्यात, कोणी गादीवर. सगळ्यांनी भोंग्याकडे माना वळवल्या.

आणि ते चालू लागले.

परतीच्या प्रवासासाठी समितीच नेमलेली नव्हती. त्यामुळे मान नव्हता, शीव नव्हती, अडवायला कोणी नव्हते. म्हातारेकोतारे, बायका, न्यायाधीशांच्या वयाची माणसे गप्पा मारत सरळ चालत गेली आणि गोपाळचा डोळा उघडायच्या आत जहाजावर पोचली. महादेव हौद्यावर उभा राहून तोंड उघडे टाकून बघत होता. "अगो बाय! ही माणसां चलतत!"

ताई सर्वांत मागे, काठी टेकत चालली होती. दुसऱ्या शिवेपाशी ती वळली. वारा किनाऱ्याकडे वाहत होता, म्हणून तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"नाव होया तर पोराक घेवन तूच ये रे कोचीक! तुझ्या जेटीवरसून मात्र येव नको."

मुलाला आता दात येत आहेत. त्याला अजून आम्ही बाळ म्हणतो. सिद्धी माझ्याशी कामापुरते बोलते. नाव काय ठरले होते, हे ताई अजून सांगत नाही.

शिवदासबाबांनी त्या दिवशीचा प्रकार गंभीरपणे घेतला आहे. प्रवासी असे बिनदिक्कत चालू लागले तर उद्या कोणाची सोय कोण करणार? म्हणून 'सुखद प्रत्यागमन समिती' स्थापन झाली असून तिचा सदस्य सचिव मीच आहे. परतीच्या वाटेवर शिवा पाडण्याचे काम जोरात चालू आहे. माडाची सूर काढणारे रेंदेर, सोडावाले, तुये गावच्या कारखान्याची बस चालवणारे, सगळ्यांचे अर्ज आले आहेत.

तुम्ही हसत असाल. हसा. मघाशी, बसचा निर्णय झटकन झाला तेव्हा, तुमच्याही मनात आले असेल की बस ठीक आहे, फक्त ती आपल्या दारावरून गेली असती तर बरे. लाजू नका. परतीच्या वाटेवरचा मधला थोडा तुकडा अजून मोकळा आहे. तुमच्या मेव्हण्याचे नाव तेवढे कळवा.